चाळीस ठिपक्यांची चौकशी

१

प्रकाश कधीही खोटं बोलत नाही. दहा अब्ज वर्षं अंधारातून चालून आलेला किरणसुद्धा जे पाहिलं तेच सांगतो. पदरचं काही घालत नाही, काही वगळत नाही. हे उद्गार जुळे सोलापूर या उपनगरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी विज्ञान दिनाच्या भाषणात काढले, आणि 'वगळत नाही' म्हणताक्षणी सभागृहातली लाइट गेली. जनरेटर होता, त्यात डिझेल नव्हतं. उरलेला विज्ञान दिन अंधारात, अध्यक्षांच्या परवानगीने, संपन्न झाला.

त्याच दुपारी पदार्थविज्ञान विभागातल्या महेश्वरी येमूलच्या हातात एक पत्र पडलं. वेधशाळेनं ते मेलनं अकरा दिवसांपूर्वीच धाडलं होतं. पण कॉलेजच्या पत्त्यावर आलेली मेल आधी छापायची, मग तिच्यावर आवक क्रमांक टाकायचा, मग ती टेबलाटेबलानं खाली उतरायची, अशी पद्धत होती. पत्र चार ओळींचं होतं. आपल्या यादीत एकही जोडी नाही. एकेकट्या क्वेसारसाठी दुर्बिणीचा वेळ देता येत नाही. अर्ज नामंजूर. चूक संस्थेच्या बाजूनं झाली असल्यास ती कशी झाली हे संस्थाप्रमुखांनी पंधरा दिवसांत लेखी कळवावं, म्हणजे फेरविचार होईल.

महेश्वरीनं तीन वर्षं खपून केलेल्या त्या यादीत जोड्यांखेरीज काहीच नव्हतं. एकूण अठ्ठ्याहत्तर ओळी. एक ओळ म्हणजे आकाशातला एक ठिपका. तिनं कॉलेजमधून गेलेली फाइल उघडली. अनुक्रमांक एकपासून अडतीसपर्यंत, मध्ये एकही खाच नाही, शेवटी शेऱ्याचा रकाना. स्वच्छ, सुबक, देखणी यादी. फक्त चाळीस ठिपके तिच्यात नव्हते.

हातात चार दिवस होते.

२

चौकशी जोतिराम वाघमोडेकडे आली, कारण चौकशा त्याच्याकडेच येत. तो तर्कशास्त्र शिकवायचा. यंदा त्या विषयाला चार विद्यार्थी होते, आणि त्यातल्या दोघांनी अर्ज भरताना चुकीच्या चौकटीत खूण केली होती. मे महिन्यात जोतिराम निवृत्त होणार, आणि त्याच्याबरोबर विषयही. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा पहिला पदवीधर तर्कशास्त्राकडे वळला तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, की ते चरतं कुठं. त्याचं उत्तर त्याला अजून सापडलं नव्हतं.

रिकामा माणूस म्हणून आजवर सात चौकशा त्यानं केल्या होत्या. सातही अहवालांत कुणी दोषी आढळलं नव्हतं. प्रयोगशाळेतला पंखा गेला तेव्हा तर पंखा मुळात होता का, इथपर्यंत अहवाल पोचला होता.

महेश्वरी दुसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा आली. पूर्व भागात पाचव्या दिवशी पाणी सुटलं होतं, आणि पाण्याच्या दिवशी तिकडे कुणी कुणाला उशिराचं कारण विचारत नाही. वय एकोणचाळीस, नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसरी वाढ जूनअखेर संपत होती. जुलैत विभागातली एकुलती एक कायम जागा भरायची होती आणि तिला डॉक्टरेट लागत होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दुर्बिणीच्या एका रात्रीवर अडलं होतं. हे सगळं तिनं हजेरी घ्यावी तसं सांगितलं.

जोतिराम म्हणाला, की हरवलं ते नेमकं काय, हे आधी त्याला कळलं पाहिजे. तिनं टेबलावरचा चहाचा काचेचा ग्लास रिकामा केला, कागदावर पेनानं एक ठिपका काढला आणि ग्लासचा जाड तळ त्यावर धरला.

"बघा सर. किती दिसतात?"

"दोन."

"काढलाय एकच."

मग तिनं समजावलं. फार दूरच्या आकाशगंगेच्या पोटात कृष्णविवर आजूबाजूचा माल गिळत असतं, तेव्हा जो लखलखाट होतो तो क्वेसार. त्याच्या आणि आपल्या मध्ये दुसरी एखादी आकाशगंगा नेमकी आडवी आली, तर तिच्या वजनानं प्रकाश वाकतो आणि एकाच क्वेसारचे दोन ठिपके दिसतात. हीच लेन्स. असे योग जगात मोजके. एक जरी नवा सापडला तरी प्रबंध उभा राहतो. पण आकाशात ठिपके अब्जावधी, शोधायचं कुठं? इथं क्ष-किरण कामाला येतात. साधे तारे क्ष-किरणांत मिणमिणतात, क्वेसार उठून दिसतात. एका दुर्बिणीनं अख्खं आकाश क्ष-किरणांत चाळून त्याच्या नोंदी सगळ्या जगाला फुकट खुल्या केल्या होत्या. त्यातच तिनं तीन वर्षं घालवली. क्ष-किरणांची नजर मात्र जाड. चिकटून असलेले दोन ठिपके तिला एकच वाटतात. म्हणून क्ष-किरणांच्या एका नोंदीखाली साध्या प्रकाशात दोन सारख्या रंगाचे ठिपके सापडले, की संशय धरायचा. मोठ्या दुर्बिणीनं दोघांचा वर्णपट काढायचा. सारखा निघाला तर लेन्स. तोवर नुसता संशय.

"म्हणजे तुमचा धंदा आमच्यासारखाच," जोतिराम म्हणाला.

"तुमच्यात नंतर काही सापडतं का?"

त्यानं विषय बदलला. फाइल कुणाकुणाच्या हातात होती? तिच्या हातात. विभागप्रमुख बिराजदार सरांकडे, सहीसाठी. आणि नंदीशकडे, तो तिच्यासोबतच काम करायचा, आता बेंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेत होता, आणि फाइलचा पासवर्ड अजून त्याच्याजवळ होता. मग जावक क्रमांक पडला आणि यादी गेली.

"सर," उठता उठता ती म्हणाली, "नंदीशनं फाइल उघडली होती. पाठवायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता. मला न सांगता."

३

बिराजदारांवर संशय घ्यायला जागा भरपूर होती. त्यांनी ती स्वतःच करून दिली होती. अर्जावर आपलं नाव पहिलं घालावं, असा त्यांचा आग्रह. शिवाय जुलैच्या त्या जागेसाठी त्यांची सून काव्याही अर्ज करणार होती, आणि तिची डॉक्टरेट झालेली होती. महेश्वरीची अडली, तर घरात कुणाला रडू येणार नव्हतं.

"सिद्धराम बिराजदार असली कामं करत नाही," ते म्हणाले. स्वतःचा उल्लेख ते नेहमी पूर्ण नावानं करत. "माने असतील, पाटील असतील, करत असतील. मला करायचंच असतं तर मी सही अडवून ठेवली असती की. त्याला काय अक्कल लागते?"

मुद्दा बिनतोड होता. सही अडवणं हा विभागात मान्यता पावलेला मार्ग होता. एखाद्याची फाइल चोरून बदलणं म्हणजे उगाच कष्ट.

तरी रीतसर म्हणून जोतिरामनं त्यांच्या संगणकावर यादी दाखवायला सांगितली. बिराजदारांनी अतिशय शांतपणे खुर्ची मागं सरकवली. पडद्यावर, कीबोर्डवर, डब्यावर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. आत पाच वर्षांपूर्वीची वॉरंटीची चिठ्ठी उन्हानं पिवळी पडली होती.

"धूळ जाते आत," ते म्हणाले.

फाइल बघितलीच नव्हती, तर सही कशावर केली? जिथं फुली मारून दिली होती तिथं. बाहेर पडताना जोतिरामनं वहीत लिहिलं: 'विभागप्रमुख निर्दोष, कारण अडाणी.' मग 'अडाणी' खोडून 'अनभिज्ञ' केलं. आता फक्त बेंगळुरू उरलं होतं, आणि तिथला माणूस दोन दिवस फोन उचलत नव्हता.

४

तिसऱ्या दिवशी नंदीशनं उचलला. फोनच्या पडद्यावर त्याच्यामागं झाडं, हिरवळ आणि चालू अवस्थेतला पंखा दिसत होता. मूळचा दुधनीचा, मराठी बोलता बोलता कानडीत घसरायचा आणि अपराधी चेहऱ्यानं परत यायचा. महेश्वरी शेजारीच बसली होती, पण ती कॅमेऱ्यात येत नव्हती. गेलेली यादी तिनं त्याला आदल्या रात्री मेल केली होती.

फाइल उघडल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. का उघडली, ते सांगायला मात्र वेळ लावला. इथं त्याच्या गटातही असंच काम चालू होतं. अक्काच्या, म्हणजे महेश्वरीच्या, यादीत काय काय आलंय ते बघायचा मोह झाला. बघितलं. गेलेल्या यादीत जी सतरा नंबर झालीय ती जागा बघून रात्रभर झोप आली नाही. दोन निळे ठिपके आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये एक फिकट लाल, आडव्या आलेल्या आकाशगंगेसारखा. अडतीस जागांत अशी तिघांची जागा दोनच ठिकाणी होती, आणि सतरा त्यातली सगळ्यात चांगली.

"मग तुम्ही काढलंत का काही?"

"सर, मी वाईट आहे. बघितलं हे वाईटच. पण मला चोरायचं असतं तर मी सतरा नंबर नेला असता. अख्खा. तो तर अजून यादीत आहे. आहे ना अक्का?"

महेश्वरीनं मान हलवली. आहे.

"तिघांपैकी एकटा ठेवलाय. बाकी सगळीकडे दोघांपैकी एक. छत्तीस ठिकाणी एकेक उडवला, दोन ठिकाणी दोन-दोन. झाले चाळीस. हा कसला चोर? आंबे सोडून प्रत्येक झाडाची एकेक फांदी नेणारा."

जोतिरामनं वहीत 'फांदी' एवढाच शब्द लिहून घेतला. पोरगा त्याच्यापेक्षा चांगला तर्क करत होता, आणि त्याच्या संस्थेत हा विषय शिकवतही नसावेत.

फोन ठेवायच्या आधी नंदीश म्हणाला, "अक्का, तू रागावलीस ना?"

महेश्वरी म्हणाली, की तिला वेळ नाहीये.

५

जोतिरामनं दोन्ही याद्या छापून शेजारी शेजारी ठेवल्या. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण छपाईला प्राचार्यांची परवानगी लागते आणि प्राचार्य मूल्यांकन समितीच्या तयारीत होते; एप्रिलमध्ये समिती येणार म्हणून झाडांना गेरू लावणं चाललं होतं.

चोर असता तर उत्तम ते उचललं असतं. वैरी असता तर सगळंच उडवलं असतं. संगणकाचा घोटाळा असता तर कुठूनही काहीही गेलं असतं. इथं मात्र प्रत्येक जागी पहिली ओळ राहिली होती आणि तिच्या खालच्या गेल्या होत्या. एकदाही चूक नाही. राग नाही, लोभ नाही. असं काम मनापासून आवरासावर करणाराच करतो.

मग त्याची नजर डाव्या रकान्यावर गेली. 'अ.क्र.' महेश्वरीच्या मूळ यादीत तो रकानाच नव्हता. तिथं क्ष-किरण नोंदीचा लांबलचक क्रमांक होता, खालोखाल दोनदा तोच, मग पुढचा, तोही दोनदा. उजवीकडे पाहिलं. 'शेरा.' मूळ यादीत शेराही नव्हता. आकाशातल्या ठिपक्यांबद्दल शेरा कोण मारणार?

तीन दिवस ती गेलेली यादी संगणकाच्या पडद्यावर त्याच्यासमोर होती आणि हे दोन रकाने त्याला दिसले नव्हते. दिसणार कसे, तीस वर्षांत त्यानं पाहिलेल्या प्रत्येक यादीत ते होते. महेश्वरीलाही ते खटकले नव्हते. सोलापुरात वाढलेल्या माणसाला अनुक्रमांक नसलेली यादी विचित्र वाटेल, असलेली नव्हे.

त्यानं जावक नोंदीतून अर्जाच्या सोबतचं पत्र काढलं. छापील मसुदा. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'सदर यादी तपासली असून तीत एकही दुबार नोंद नाही, असे प्रमाणित करण्यात येते.' खाली प्राचार्यांची सही.

जोतिराम उठून ऑफिसात गेला. चौकशीच्या तीनही दिवसांत तो तिथूनच जात-येत होता.

६

बिभीषण घोडके वैरागचा. बावीस वर्षं आवक-जावक सांभाळत होता आणि सगळं कॉलेज त्याला भाऊसाहेब म्हणायचं. टेबलावर कॅलेंडर, शिक्के आणि काचेखाली एक प्रशस्तिपत्र: याद्यांमधल्या दुबार नोंदी शोधण्याच्या उल्लेखनीय कामाबद्दल.

जोतिरामनं दोन्ही याद्या समोर ठेवल्या. विचारायची वेळच आली नाही.

"व्हय सर, मीच काढल्या की," बिभीषण म्हणाला. "लई घाण झाली होती यादी. एका नंबरावर दोन-दोन नोंदी, दोन ठिकाणी तर तीन. बाईंनी गडबडीत केली असंल म्हणून बोललो न्हाय कुणाला. नीट करून पाठवली."

त्याच्या आवाजात अपराध नव्हता. कुणीतरी अखेर लक्ष दिलं याचं समाधान होतं. दहा वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या यादीत एका मुलीचं नाव दोनदा गेलं होतं, वरून खरमरीत पत्र आलं होतं, आणि तेव्हापासून प्राचार्यांचा हुकूम होता, की कॉलेजबाहेर जाणारी यादी, मग ती कसलीही असो, दुबार काढल्याशिवाय जाणार नाही. हुकमात आकाश वगळलेलं नव्हतं.

महेश्वरी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "भाऊसाहेब, ते दोन असणं हाच शोध होता."

बिभीषणनं तिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. काय ते त्याला हळूहळू उमगत गेलं, आणि ते पाहणं जोतिरामला जड गेलं.

"बाई, आमच्या गावाकडं मतदार यादी तपासताना एकाच नावाची दोघं निघाली व्हती," तो म्हणाला. "चुलतभाऊ. म्या एकाला काढला. मतदानाच्या दिवशी तो समोर येऊन हुबा राहिला. म्हणला, भाऊसाहेब, मी हाय की. आता काय सांगू त्याला? दुसराबी खरा असू शकतो, हे तवाच कळलं मला. पर प्रमाणपत्रात तसं लिहायला जागा न्हाय."

मग त्यानं कपाट उघडलं आणि लाल नाडीची एक फाइल काढून दिली. वर टपोऱ्या अक्षरात 'वगळलेल्या नोंदी'. आत चाळीसच्या चाळीस ओळी, तारीख, वेळ, त्याची सही. इतका संपूर्ण पुरावा जोतिरामला आठ चौकशांत कधी मिळाला नव्हता.

"मी लिहून देतो काय लिहायचं ते," बिभीषण म्हणाला. "नोकरी जाईना का."

चौथा दिवस उद्या होता.

७

प्राचार्यांनी अहवाल दोनदा वाचला. तो उत्तम होता, असं ते म्हणाले. इतका स्पष्ट अहवाल त्यांच्या कारकिर्दीत झाला नव्हता. मग त्यांनी चष्मा काढला.

"वाघमोडे सर, या यादीत दुबार नोंद नाही असं मी सहीनं प्रमाणित केलंय. बरोबर?"

"बरोबर."

"आणि खरोखरच नाही."

"नाही."

"मग संस्थेची चूक कोणती? नोंदी दुबार होत्या आणि त्या तशाच जायला हव्या होत्या, असं मी लिहून देऊ? समिती एप्रिलमध्ये येतेय. उद्या शिष्यवृत्तीवाले हेच पत्र घेऊन दारात येतील."

जोतिरामनं तीस वर्षं शिकवलेले सगळे प्रकार वापरून पाहिले. विधान खरं असूनही कृती चुकीची असू शकते, हे त्यानं दोन उदाहरणांनी पटवलं. प्राचार्यांना पटलं. सही त्यांनी केली नाही. त्यांच्या मते हा तर्काचा नव्हे, जावकेचा प्रश्न होता. महेश्वरीनं नोव्हेंबरात नव्यानं अर्ज करावा, कॉलेज पूर्ण सहकार्य करेल. यादी मात्र तपासूनच जाईल.

बिभीषणनं आपला जबाब स्वतःच्या सहीनं वेधशाळेला मेल केला. जोतिरामनंही केला. संध्याकाळी चारला उत्तर आलं: पत्र संस्थाप्रमुखांचं हवं. सौजन्यानं लिहिलं होतं.

महेश्वरी स्टाफरूममध्ये बसून होती. जोतिरामनं शेजारी चहा ठेवला. तिनं तो प्यायला आणि विचारलं, की तर्कशास्त्रात अशा अवस्थेला काही नाव आहे का. त्यानं आठवून पाहिलं. नव्हतं.

"मग नऊ वर्षं मी काय केलं, सर?"

त्यानं तिचा रिकामा ग्लास उचलला. निदान खोटं तरी बोललो नाही, एवढं त्याच्या पदरी उरलं.

जूनअखेर तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. जुलैत काव्या बिराजदार रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिनं महेश्वरीला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि आपल्या तासांतले चार तास दिले. तर्कशास्त्राच्या खोलीत क्रीडासाहित्य गेलं. महेश्वरीनं तासिकांचा दहावा करार भरला.

ऑगस्टमध्ये परदेशातल्या एका गटानं त्याच खुल्या क्ष-किरण नोंदींवरून निवडलेल्या जागा मोठ्या दुर्बिणीनं तपासून निबंध प्रसिद्ध केला. महेश्वरीच्या अडतीसही जागा त्यात होत्या, सतरा नंबर धरून. प्रत्येक ठिकाणी क्वेसारचा ठिपका एकच निघाला, लेन्स कुठंच नव्हती. शेजारचे ठिपके आपल्याच आकाशगंगेतले साधे तारे होते.